अटक, ताबा, कोठडी, बंदी : नोंद शोधताना कोणता शब्द कोठे लागतो?

विचारणा

अटकेत असलेल्या व्यक्तींच्या नातेवाइकांसाठी महाराष्ट्रापुरते एक मराठी माहितीपत्रक तयार करण्याचे काम आमच्याकडे आले आहे. नमुना म्हणून मिळालेल्या अमेरिकी पत्रकात ‘अरेस्ट रेकॉर्ड’, ‘जेल बुकिंग’ आणि ‘इन्मेट सर्च’ असे तीन शब्दप्रयोग वारंवार येतात. पहिल्यासाठी ‘अटकेची नोंद’ चालेल असे वाटते, परंतु ‘बुकिंग’ म्हटले की मराठी वाचकाला नाट्यगृहाचे तिकीट आठवते, आणि ‘इन्मेट’साठी कैदी, बंदी, बंदिवान, आरोपी यांपैकी कोणता शब्द घ्यावा याबद्दल आमच्यात एकमत नाही. शिवाय वृत्तपत्रे ‘ताब्यात घेतले’ आणि ‘अटक केली’ हे दोन्ही प्रयोग सर्रास एकाच अर्थाने करतात. हे खरोखर समानार्थी आहेत का?

उत्तर

समानार्थी नाहीत, आणि माहितीपत्रक नातेवाइकांसाठी असल्याने हा भेद काटेकोरपणे पाळणे फार गरजेचे आहे. या विषयातील प्रत्येक शब्दामागे एक वेगळी नोंदवही आणि वेगळे कार्यालय उभे असते. शब्द चुकला तर माणूस चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो आणि ‘असा कोणी आमच्याकडे नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरतो.

‘ताब्यात घेणे’ हा सैल शब्द आहे. चौकशीसाठी पोलीस ठाण्यात नेणे, जमावातील लोकांना गाडीत घालून दूर नेऊन सोडणे, यांपैकी काहीही त्यात बसते. ‘अटक’ मात्र कायद्याने बांधलेली कृती आहे. संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार अटकेचे कारण सांगावे लागते आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच मुदत कलम ५८ मध्ये आहे, आणि अटकेची माहिती नातेवाइकाला किंवा मित्राला कळवण्याचे बंधन कलम ४८ मध्ये आहे. ‘ताब्यात आहे’ एवढेच सांगितले जात असेल, तर नातेवाइकांनी विचारायचा प्रश्न एकच असतो : अटक दाखवली आहे का, आणि कधी? ‘अटक दाखवणे’ हा ठाण्यात आणि न्यायालयाच्या आवारात रोज कानी पडणारा प्रयोग आहे, आणि त्यातले ‘दाखवणे’ म्हणजे नोंदीवर आणणे. तेथून कागद सुरू होतो.

एक अपवाद माहितीपत्रकात आवर्जून नोंदवावा. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पोलीस ‘अटक’ हा शब्द वापरत नाहीत. ‘विधिसंघर्षग्रस्त बालकास ताब्यात घेतले’ असे लिहितात, आणि तेथे ‘ताब्यात’ हाच अचूक शब्द असतो. त्या मुलाला कोठडीत किंवा कारागृहात ठेवता येत नाही. त्याचे नाव अटक आरोपींच्या यादीत सापडणार नाही, सापडूही नये. चौकशी बाल न्याय मंडळाकडे आणि निरीक्षणगृहाकडे करावी लागते.

आता ‘बुकिंग’कडे येऊ. अमेरिकेत काउंटीच्या तुरुंगात आणल्यावर छायाचित्र, बोटांचे ठसे, जवळच्या वस्तूंची यादी आणि आरोपांचा तपशील एका ठिकाणी नोंदवला जातो, आणि अनेक ठिकाणी तो शेरीफच्या संकेतस्थळावर नावानिशी शोधताही येतो. आपल्याकडे हे काम एका टप्प्यात होत नाही, म्हणून त्याला एकच मराठी शब्द शोधण्याचा आग्रह मी धरणार नाही. ठाण्यात गुन्ह्याला आधी गुन्हा रजिस्टर क्रमांक पडतो, ज्याला सगळे ‘गु.र.नं.’ म्हणतात. अटक झाली की अटक पंचनामा होतो, अंगझडती घेतली जाते, अंगावरच्या वस्तूंची यादी होते, वैद्यकीय तपासणी होते आणि ठाणे दैनंदिनीत, म्हणजे स्टेशन डायरीत, वेळेसह नोंद होते.

अटक पंचनाम्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नातेवाइकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा कागद तोच आहे. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये जे निर्देश दिले, त्यांनुसार अटकेच्या वेळीच त्या कागदावर तारीख आणि वेळ लिहावी लागते, कुटुंबातील किंवा परिसरातील किमान एका प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यावी लागते, आणि अटक झालेल्या व्यक्तीचीही सही घ्यावी लागते. त्या कागदावरचा ‘अटकेचा दिनांक व वेळ’ हा रकाना सर्वांत आधी वाचावा, कारण २४ तासांचा हिशेब तेथून मांडला जातो. वेळ कोरी असेल किंवा घरातून नेल्याच्या वेळेशी जुळत नसेल, तर ती गोष्ट पहिल्याच हजेरीत वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांच्या नजरेस आणावी. म्हणून पत्रकात ‘बुकिंग रेकॉर्ड’चे भाषांतर करण्यापेक्षा ‘गु.र.नं. आणि अटक पंचनामा मागा’ असेच सरळ लिहावे.

नोंद शोधण्याच्या जागांबद्दल कायद्याची तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ नुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात सहायक पोलीस उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी नेमून, अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचे स्वरूप यांची माहिती ठेवायची आणि ती ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची आहे. ती डिजिटल स्वरूपातही देता येते. राज्य पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर प्रसिद्ध केलेल्या प्रथम खबरींबरोबर (एफआयआर) अटक आरोपींची माहितीही पाहता येते. तेथे प्रथम खबर सापडली नाही म्हणून गुन्हाच दाखल नाही असे समजू नये, कारण प्रथम खबर २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा जो निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला, त्यातून लैंगिक अत्याचारासारखे संवेदनशील गुन्हे वगळलेले आहेत.

‘नोटीस देऊन सोडले’ हा प्रयोगही वेगळा ओळखावा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ खालील नोटीस म्हणजे हजर राहण्याचा आदेश. ती मिळालेला माणूस अटकेच्या यादीत नसतो आणि त्याला जामीनही लागलेला नसतो.

पुढचा शब्द ‘कोठडी’. पोलीस कोठडीत माणूस पोलिसांच्या लॉकअपमध्ये असतो, न्यायालयीन कोठडीत कारागृहात. वकिलांच्या बोलण्यात हे अनुक्रमे ‘पीसीआर’ (पोलीस कस्टडी रिमांड) आणि ‘एमसीआर’ (मॅजिस्ट्रेट कस्टडी रिमांड) म्हणून येते. नातेवाइकांनी हे दोन्ही संक्षेप कानाला सवयीचे करून घ्यावेत, कारण न्यायालयाच्या व्हरांड्यात घाईघाईने मिळणारे उत्तर ‘एमसीआर झाली’ एवढेच असते आणि त्याचा अर्थ असा की आता पोलीस ठाण्यात डबा घेऊन जाण्यात अर्थ नाही, चौकशी कारागृहात करायची. सर्वसाधारण गुन्ह्यांत पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपर्यंतच मिळते. नव्या संहितेत ती सलग न घेता, गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यानेही घेता येते, त्यामुळे कारागृहात गेलेला माणूस पुन्हा ठाण्यात आणला जाऊ शकतो आणि नातेवाईक गोंधळतात.

येथे वृत्तपत्रांच्या एका सवयीबद्दल मला मनापासून तक्रार नोंदवायची आहे. ‘न्यायालयाने चार दिवसांची पोलीस कोठडी सुनावली’ हे वाक्य रोज छापले जाते. सुनावतात ती शिक्षा. कोठडी ही तपासासाठी दिलेली मुदत आहे. ती दिली जाते, मंजूर होते, वाढवली जाते. ‘सुनावली’ वाचून शेजारीपाजारी दोष सिद्ध झाल्याचे धरून चालतात, आणि ज्याचा खटला उभाही राहिलेला नाही त्याच्या मुलांना शाळेत त्याचे परिणाम भोगावे लागतात. माहितीपत्रकात हे क्रियापद कृपया येऊ देऊ नये.

पुरवणी विचारणा

कारागृहात गेल्यानंतर कैदी म्हणावे की बंदी? ‘बंदी’ शासकीय वाटतो, परंतु ‘महिला बंदी’ असे शीर्षक दिले तर महिलांना मनाई आहे असा अर्थ होतो.

उत्तर

शंका रास्त आहे. मनाई या अर्थाची बंदी स्त्रीलिंगी आणि कारागृहातील बंदी पुल्लिंगी, एवढा आधार वाक्यात मिळतो. ‘बंद्यांना’, ‘बंद्याचे नाव’ अशी सामान्यरूपे आली की संदिग्धता उरत नाही. शीर्षकात मात्र ‘महिला बंद्यांसाठी’ असे रूप योजावे. कारागृह व सुधारसेवा विभागाच्या कागदांत ‘बंदी’ हाच शब्द असल्याने अर्ज लिहिताना तो घ्यावा. ‘बंदिवान’ ललित लेखनात शोभतो. ‘कैदी’ बोलण्यात चालतो, त्यात अवमान नाही, पण एक मर्यादा लक्षात ठेवावी : खटला चालू असलेला तो ‘न्यायाधीन बंदी’ म्हणजे बोलीतला कच्चा कैदी, आणि शिक्षा झालेला तो ‘सिद्धदोष बंदी’ म्हणजे पक्का कैदी. तिसरा वर्ग ‘स्थानबद्ध’ व्यक्तींचा, ज्यांना प्रतिबंधात्मक आदेशाने ठेवलेले असते. ‘इन्मेट’मध्ये हे तिन्ही येतात, म्हणून सर्वसमावेशक शब्द हवा असेल तेथे ‘कारागृहातील व्यक्ती’ असे लिहिले तरी भाषा बिघडत नाही.

बंदी शोधण्यासाठी नावाने उघडी यादी मिळेल असे पत्रकात सुचवू नये. ई-मुलाकात प्रणालीवर भेटीची नोंदणी होते, परंतु तेथे कारागृह आणि बंद्याचे नाव आपणच भरायचे असते. कोणत्या कारागृहात रवानगी झाली हे न्यायालयाच्या आदेशावरून, वकिलाकडून किंवा तपास अधिकाऱ्याकडून कळते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक आणि वर्ष भरून खटल्याची स्थिती पाहता येते. कोणीच दाद देत नसेल तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७ चा आधार घेता येतो. सामान्य अर्जाला ३० दिवसांची मुदत आहे, मात्र माहिती व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ती ४८ तासांत द्यावी लागते. अर्जात ‘जीवित व स्वातंत्र्य’ हे शब्द स्पष्ट लिहावेत. कोठडीतील व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, ही ओळ पत्रकाच्या पहिल्याच पानावर असावी.

शेवटचा शब्दसमूह सुटकेचा. ‘जामिनावर सुटका’ झाली तरी खटला चालू राहतो. आरोप निश्चित होण्यापूर्वीच आधार नाही म्हणून वगळले तर ‘दोषमुक्ती’, आणि खटला चालून निकाल बाजूने लागला तर ‘निर्दोष मुक्तता’. जुनी अटक दाखवून कोणी नोकरी किंवा घर नाकारू पाहिले, तर पुढे ठेवायचा कागद या दोहोंपैकी नेमका कोणता आहे हे निकालपत्रातील शब्दावरूनच ठरते, त्यामुळे निकालाची प्रमाणित प्रत सुटकेच्या वेळीच काढून ठेवावी, असे पत्रकात अवश्य लिहावे.