शब्दचर्चा : ‘यलो झोनला लागून’ म्हणजे आत की बाहेर?

नाशिक (मूळ प्रश्न)

नमस्कार मंडळी. रविवारच्या पेपरातून एक गुळगुळीत पत्रक पडलं. ‘यलो झोनला लागून, कलेक्टर एनए होण्यासारखे बंगलो प्लॉट, स्वतंत्र सातबारा, रक्कम हप्त्यांत.’ आईनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि मला विचारलं, “लागून म्हणजे आत की बाहेर?”

“बाहेर.”

“आणि होण्यासारखे म्हणजे झालेत की नाही?”

“नाही झालेले.”

“मग विकतायत काय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून इथे आलो. यलो झोन आणि एनए (नॉन-ॲग्रिकल्चरल) ही एकाच गोष्टीची दोन नावं आहेत का? एनएसाठी मी बिनशेती, बिगरशेती, अकृषिक आणि अकृषक असे चार शब्द पाहिलेत, त्यातला बरोबर कुठला? आणि शेतजमीन घरांसाठी, तीही एकेका कुटुंबाच्या सुट्या घरांसाठी खुली करणं, या अख्ख्या व्यवहाराला मराठीत एक शब्द आहे का?

पुणे

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. आणि का नाही ते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

एनए हा महसूल खात्याचा शब्द आणि झोन हा नगररचनेचा. दोन्हींचे कायदे १९६६चे. एक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, दुसरा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. जुळ्या भावांसारखे एका वर्षात आले आणि तेव्हापासून दोघांची भाषा वेगळी. महसूल विचारतो की या गटावर सारा कुठल्या दरानं घ्यायचा आणि शेतीशिवाय दुसरा वापर करायचा तर परवानगी काढली का. त्या परवानगीचं कलम ४४. नगररचना विचारते की शहर कुठल्या अंगानं वाढू द्यायचं. म्हणून झोन नकाशावर असतो, रंगानं भरलेला. एनए कागदावर असतं, तुमच्या गट नंबराच्या नावानं. नकाशात रहिवास पिवळा आणि शेती हिरवी, म्हणून यलो झोन, पिवळा पट्टा, हिरवा पट्टा. सरकारी अधिसूचनेत रंगाचं नाव नसतं. तिथे वाक्य ठरलेलं असतं : अमुक क्षेत्र ‘शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करण्यात येत आहे’. तुमचा अख्खा व्यवहार या ‘वगळून’ आणि ‘समाविष्ट’मध्ये आला. तलाठ्याचा त्या वाक्याशी संबंध नाही आणि नगररचनेचा सातबाऱ्याशी.

पुढे संहितेत दुरुस्त्या होऊन दोघांची थोडी गाठ घातली गेली. मंजूर विकास योजनेत जमीन रहिवासात असेल तर कलम ४२ब खाली वेगळ्या परवानगीचा हेलपाटा वाचतो, रूपांतर कर आणि आकारणी भरायची. तुमच्या आईंच्या ‘लागून’लाही कायद्यात एक माप आहे. कलम ४२ड गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीबद्दल बोलतं, अटी आहेतच. पण ते मोजायचं गावठाणापासून. पिवळ्या झोनपासून मोजायचं ‘लागून’ कुठल्याही कायद्यात नाही. झोनची रेघ एकदा ओढली की एक फूट अलीकडे पिवळं, एक फूट पलीकडे हिरवं. शेजार धरून रंग लागत नाही.

कोल्हापूर

आमच्याकडं सरळ ‘बिनशेती’. ‘गेल्या साली दोन एकर बिनशेती करून घेतली’ असं शेतकरीसुद्धा बोलतो आणि वकीलसुद्धा. ‘बिगरशेती’ पेपरवाल्यांचा. ‘अकृषिक’ फक्त आदेशात आणि चलनावर. बरोबर-चूक असं काही नाही. कुठल्या खुर्चीवरून बोलता त्यावर शब्द ठरतो.

एक मात्र बघा. बिन ‘विना’च्या घरातला, बिगर फारसीकडून आलेला, अ संस्कृतचा आणि एनएमधलं ‘नॉन’ इंग्रजीचं. चार घरचे चार पाहुणे आणि चौघेही ‘शेती नाही’ एवढंच सांगतात. घर होणार, दुकान होणार की वीटभट्टी, ते कुणीच सांगत नाही. सरकारच्या लेखी जमीन म्हणजे शेती, बाकी सगळं तिचं नसणं.

नागपूर

‘अकृषक’ आमचा! विदर्भात आदेशावर, जाहिरातीत, बोलण्यात सगळीकडे अकृषक. व्याकरणानं बघाल तर कृषक म्हणजे शेतकरी, मग अकृषक जमीन म्हणजे शेतकरी नसलेली जमीन. आता जमीन कधी शेतकरी होती का भाऊ? पण रुळला शब्द, राहू द्या.

खरं म्हणजे आमच्याकडे एनएपेक्षा मोठा शब्द ले-आऊट. शेत विकलं की तिथं ‘ले-आऊट पडतं’. पाऊस पडतो, धाड पडते, तसं. मग ते वस्तीचं नावच होतं. पांडे ले-आऊटमध्ये राहणाऱ्याला आपण आराखड्यात राहतो असं कधी वाटत नाही. त्यापुढचा शब्द आरएल. ले-आऊट अनधिकृत पडलेलं असलं की नागपूर सुधार प्रन्यासकडे पैसे भरून जे पत्र मिळवायचं, ते आरएल, म्हणजे रिलीज लेटर. ‘आरएल आहे का?’ हा इथं प्लॉट बघायला गेल्यावरचा पहिला प्रश्न, पाणी आहे का हा दुसरा. पुण्याच्या माणसाला आरएल म्हटलं की तो डोळे मिचकावतो.

सांगली

गुंठेवारी राहिलीच की. आमच्या शहराचा अर्धा इतिहास त्या शब्दात आहे.

१९४७चा तुकडेबंदीचा कायदा म्हणतो की शेतजमिनीचे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा बारके तुकडे पाडून विकायचे नाहीत. २०२३मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी ते जिरायत २० गुंठे आणि बागायत १० गुंठे केलं, त्याआधी जागोजाग वेगळं होतं. पण शहरात कामाला आलेल्या माणसाला १० गुंठे कशाला हवेत आणि परवडणार कुठून? त्याला हवा एक गुंठा. मग शेतकऱ्यानं शेत एकेका गुंठ्यानं विकलं, स्टँप पेपरवर. ती गुंठेवारी. वस्त्या उभ्या राहिल्या, २००१मध्ये त्या नियमित करायचा कायदा आला आणि बोलीतला शब्द कायद्याच्या नावात जाऊन बसला. २०२१च्या दुरुस्तीनं मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या भूखंडांना वाढवली.

आमच्या वडिलांनी असाच दीड गुंठा घेतलेला. कागदावर लिहिलेलं : ‘दीड आर, पूर्वेस रस्ता’. रस्ता म्हणजे ऊस काढल्यावर बैलगाडी जायची ती वाट. आर आणि गुंठा एकच, असं विकणाऱ्यानं सांगितलं, वडिलांनी मान डोलावली. एकच नाहीत. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे चाळीस मिळून एकर. आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. दीड आरामागं वीसेक चौरस फूट गेले. तेवढ्यात तुळशीवृंदावन बसलं असतं, असं आई पुढं वीस वर्षं म्हणायची. त्यामुळं ‘आर झोन’, म्हणजे रेसिडेन्शियल झोन, हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, आता झोनपण आरानं मोजतात काय!

नाशिक, गंगापूर रस्त्याकडून

मी शेतकरी. आमच्यात एनए-बिनएनए नंतर. आधी एकच इचारतो, ‘पिवळ्यात आली का?’ भावाची पिवळ्यात गेली, माझी हिरव्यात राहिली. मधी फक्त बांध. द्राक्षाचं पान पिवळं पडलं की आम्ही रात्री औषध आणायला पळायचो. आता जमीन पिवळी पडावी म्हणून कचेरीत खेटे घालतो. आन एक, पिवळ्यात आली तरी वर आरक्षण पडू शकतं. बागेचं, शाळेचं, रस्त्याचं. म्हणून पिवळं म्हणजे झालं, असं कुणी समजू नये.

फोंडा

गोव्यातले शब्द घ्या. आमच्याकडे एनए कुणी म्हणत नाही. मराठी बोलणारासुद्धा ‘कन्व्हर्जन’ म्हणतो आणि हातात जो कागद मिळतो ती ‘सनद’. सनद तुमच्याकडेही आहे, पण तुमच्याकडे ती आदेशामागून येते. इथे तीच मुख्य. ‘सनद आसा?’ विचारलं की विषय कळतो. पिवळ्याला इथे सेटलमेंट म्हणतात.

पण गोव्यातला खरा पारिभाषिक शब्द सध्या ‘चूक’ हा आहे. नगर नियोजन कायदा १९७४चा. त्यात २०२३मध्ये कलम १७(२) घातलं : प्रादेशिक आराखड्यात अनवधानानं राहिलेली चूक दुरुस्त करायची. दुरुस्ती म्हणजे काय, तर शेत किंवा बागायत दाखवलेला तुकडा सेटलमेंट करायचा. अर्ज येत गेले तसतशी आराखड्यात किती चुका होत्या ते कळत गेलं. मार्च २०२५मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्यासाठी केलेले नियम रद्द ठरवले. शब्दकोशात चूक म्हणजे अजाणता झालेला दोष. इथे भाताच्या शेतात भात असणं हीच चूक निघाली.

पुणे (पुन्हा)

‘एकेका कुटुंबाचं सुटं घर’ हा भाग वर राहून गेला. त्याला घरगुती शब्द पुष्कळ आहेत : बैठं घर, बंगली, बंगला, हल्ली रो-हाऊस. पण कायद्यात शब्द नाही, कारण तशी गोष्टच नाही. अमेरिकेत झोनच असा असतो की तिथे एका प्लॉटवर एका कुटुंबाचंच घर बांधायचं. आपल्याकडे रहिवास म्हणजे रहिवास. त्यात बंगली बांधा नाहीतर रस्त्याची रुंदी आणि चटईक्षेत्र पुरेल तेवढ्या मजल्यांची इमारत. जुन्या नियमावलीत आर-१ आणि आर-२ असे भेद होते, पण ते दुकानं कुठे चालतील यावरचे. कुटुंबं किती यावर नाही. म्हणजे ‘बंगलो प्लॉट’ हा निव्वळ विकणाऱ्याचा शब्द. आज तुम्ही मोगरा लावाल अशा भरवशानं प्लॉट घ्याल आणि शेजारचे दोन प्लॉट एकत्र होऊन तिथे सहा मजले उठतील. पत्रकातला तो शब्द तक्रार करायला उपयोगी पडणार नाही.

बैठं घर हा शब्द मला फार आवडतो, हे विषयाला सोडून. घर बसलेलं आहे. बाकीची उभी.

मुंबई

आमच्याकडे हे सगळं आजोबांच्या आधीच उरकलं. फणसवाडी, कांदेवाडी, बोरिवलीची चिकूवाडी. वाडी म्हणजे बाग हे सांगावं लागतं आता.

सातारा

चुलते तलाठी होते, म्हणून ‘स्वतंत्र सातबारा’वर थोडं लिहितो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. सातावर जमीन कुणाची आणि किती, बारावर त्यात पीक काय. चुलते बांधावर उभं राहून बाराचा रकाना भरायचे, ज्वारी, हरभरा, पड. लहानपणी मला वाटायचं की रकान्यात लिहिल्याशिवाय ज्वारी उगवतच नाही.

आता नव्या नमुन्यातला बिनशेती झालेल्या जमिनीचा उतारा काढून बघा. क्षेत्र हेक्टरात नसतं, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. आणि खाली सूचना छापलेली असते : हे क्षेत्र अकृषक झालेलं असल्यामुळे गाव नमुना १२ची आवश्यकता नाही. म्हणजे त्याला लोक सवयीनं सातबारा म्हणतात, पण हातात असतो नुसता सात. बारा गेला.

म्हणून पत्रकवाल्यानं सातबारा दाखवला तर आईंना सांगा, आधी खाली बघा. बारा असेल आणि त्यात सोयाबीन लिहिलेलं असेल, तर ते सोयाबीनचं शेत आहे. पत्रकावर कितीही रंगीत बंगला छापला असू दे.

नाशिक (मूळ प्रश्न)

सगळ्यांचे आभार. आईला तुमची सगळी उत्तरं वाचून दाखवली. दीड आराची गोष्ट दोनदा वाचायला लावली. मग तिनं स्वतःच पत्रकावरच्या नंबरला फोन लावला, स्पीकरवर.

“गट नंबर काय आहे हो तुमचा?”

पलीकडचा मुलगा अगदी गोड बोलत होता. “काकू, तुम्ही साईटवर या ना, रविवारी गाडी पाठवतो. चहा-नाश्ता आपल्याकडून.”

“येईन की. गट नंबर सांगा आधी.”

“ते आमचे सर बघतात, काकू. गाडी किती वाजता पाठवू?”

तीन वेळा विचारलं, तीन वेळा गाडीच निघाली. आईनं फोन ठेवला आणि पत्रक पसरून त्यावर मेथी निवडायला घेतली.