जीएनएम झालंय, आता पोस्ट बेसिक करावं का? पगारात खरंच फरक पडतो का?

ऐरोलीकर
धाकटी बहीण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आहे, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे. ऐरोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये (४० खाटा) मेडिकल वॉर्डला आहे. तिथे बीएस्सीवाल्यांचा पगार तिच्यापेक्षा थोडाच जास्त. नोकरी सोडून दोन वर्षं पोस्ट बेसिक बीएस्सी (डिप्लोमानंतरची नर्सिंगची पदवी) करण्यात अर्थ आहे का? सरकारीत पदवीला जास्त बेसिक पगार मिळतो का? नंतर एमएस्सी करण्याचंही तिच्या डोक्यात आहे.

नाइट_ड्युटी
सरकारीत बेसिक पदाचं असतं, पदवीचं नसतं. राज्यात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) म्हणजे एस-१३ वेतनश्रेणी, ३५,४०० ते १,१२,४००. जीएनएम असो की बीएस्सी, सुरुवात तीच. केंद्राकडे (एम्स, रेल्वे, ईएसआयसी) लेव्हल ७, म्हणजे ४४,९०० पासून, वर महागाई भत्ता, नर्सिंग भत्ता आणि ठाणे-नवी मुंबईत असाल तर मुंबईच्या दराने घरभाडं. खरी दरी एएनएम (सहायक परिचारिकेचा कोर्स) आणि जीएनएममध्ये आहे. एएनएम एस-८ ला, २५,५०० वर लागते आणि अधिपरिचारिकेच्या जागेला अर्जच करू शकत नाही. तुमच्या बहिणीने ती दरी आधीच ओलांडली आहे.

ओटी_सिस्टर
वरचं बरोबर, पण प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुटली: ४० खाटा.

एम्सच्या नॉरसेटला (नर्सिंग ऑफिसरची भरती परीक्षा) बीएस्सी किंवा पोस्ट बेसिकवाल्यांना अनुभव लागत नाही. जीएनएमला दोन वर्षांचा लागतो, तोही किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलचा. म्हणजे ऐरोलीत ती पाच वर्षं राबली तरी त्या अर्जात अनुभव शून्य. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या टाटाच्या कॅन्सर केंद्राच्या जाहिरातीत तर पदवीधरांकडूनही ५० खाटांच्या ठिकाणचा अनुभव मागतात. रेल्वेच्या नर्सिंग सुपरिंटेंडेंटला मात्र जीएनएम चालतं, पगार तोच लेव्हल ७.

म्हणून कॉलेज शोधण्याआधी हॉस्पिटल बदला. अनुभवाच्या दाखल्यावर पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, खाटांची संख्या, सही-शिक्का हवाच. रजिस्ट्रेशनच्या आधीचे महिने धरत नाहीत. पगार रोखीने घेत असेल तर ते लगेच थांबवा. कागदपत्र पडताळणीत बँक स्टेटमेंट किंवा पीएफ मागितलं की नुसत्या दाखल्यावर भागत नाही. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत जोडा. यावरून चांगल्या रँकच्या मुली अडकतात.

ऐरोलीकर
खाटांचं माहीतच नव्हतं. खासगीतच राहायचं ठरवलं तर?

बेलापूर_आयसीयू
खासगीत पदवीपेक्षा विभागाला भाव आहे. आयसीयू, ओटी, कॅथ लॅब, डायलिसिस इथे हात बसलेल्या जीएनएमला जनरल वॉर्डातल्या नव्या बीएस्सीपेक्षा जास्त मिळतं. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण सांभाळता येणं हे मुलाखतीत पदवीपेक्षा आधी विचारतात. पदवीचा उपयोग पुढे होतो, इन्चार्ज किंवा सुपरवायझर नेमताना.

खासगी हॉस्पिटलमधल्या नर्सच्या पगाराबाबत सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या निकालानंतर नेमलेल्या समितीने शिफारस केली होती: २०० च्या वर खाटा असतील तर पगार राज्य सरकारच्या बरोबरीने, १०० ते २०० असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या आत किमान २०,०००. शिफारसच ती, पाळणारे थोडे. तरी पगाराचं बोलताना हे आकडे जवळ ठेवावेत.

पाठ्यनिर्देशिका
एमएस्सीबद्दल. शिकवायचं असेल तरच करा. वॉर्डात एमएस्सीला वेगळा पगार क्वचितच देतात. कॉलेजात मात्र ट्यूटरच्या पुढे जायला ती लागतेच. पोस्ट बेसिक झालं की एमएस्सीचा रस्ता मोकळा होतो, हा त्याचा मोठा फायदा.

पोस्ट बेसिक करायचंच तर कॉलेज आरोग्य विद्यापीठाशी, नाशिकशी, संलग्न आहे का ते विद्यापीठाच्या यादीत स्वतः बघा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका. पास झाल्यावर ती पदवी कौन्सिलमध्ये अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवायची असते. बऱ्याच जणी ते विसरतात आणि जाहिरात आली की धावपळ होते.

ओटी_सिस्टर
परदेशाचं कोणी विचारेलच, म्हणून सांगते. ब्रिटनला जीएनएम चालतं, पण इंग्रजीसाठी आयएल्ट्समध्ये ७ (लेखनात ६.५) किंवा ओईटी, मग सीबीटी (संगणकावरची परीक्षा) आणि तिथे गेल्यावर ऑस्की (प्रात्यक्षिक परीक्षा).

बहिणीचं वय किती? नॉरसेटला खुल्या गटात ३० पर्यंतच बसता येतं. २७-२८ असेल तर दोन वर्षं कॉलेजात घालवण्यापेक्षा आत्ताच ५० खाटांचं हॉस्पिटल धरून रेल्वेचा अभ्यास सुरू करावा. २३-२४ असेल तर पोस्ट बेसिक बिनधास्त करा.