रशियातून दत्तक आलेल्या वहिनीला जन्मदात्या कुटुंबाचा शोध घ्यायचाय. सुरुवात कुठून करावी?

मेधा_न्यूजर्सी:
नमस्कार. माझी वहिनी 1998 साली, दीड वर्षाची असताना, पेर्म प्रांतातल्या बेरेझ्निकीच्या बालगृहातून अमेरिकेत दत्तक आली. ओहायोत वाढली, दादाशी लग्न झाल्यापासून इकडे आहे. आता तिला बाळ होणार आहे आणि डॉक्टर घराण्यातले आजार विचारताहेत. आई-बाबांवर (दत्तक) तिचा फार जीव आहे. त्यांना वाईट वाटेल म्हणून तिने आजवर हा विषय काढलाच नाही. हाताशी आहे ते एवढंच: नव्या नावाचा जन्मदाखला, दत्तक प्रमाणपत्र आणि अ‍ॅन्सेस्ट्रीची डीएनए चाचणी (सगळ्यात जवळची जुळणी 60 सेंटीमॉर्गन; दोघांतला सामायिक डीएनए या एककात मोजतात). दादा म्हणतो, तिथलाच एखादा शोधक पैसे देऊन लावू या. क्रम काय असावा?

जुनं_दप्तर:
रशियाकडे वळायच्या आधी अमेरिकेतली फाईल मिळवा. मूल अमेरिकेत आणताना आई-वडिलांनी आय-600 अर्ज भरलेला असतो. त्याला रशियन न्यायालयाचा निकाल, मूळ जन्मनोंद, आईचं मूल सोडल्याचं लेखी निवेदन आणि बालगृहाचा वैद्यकीय उतारा, सगळं भाषांतरासह जोडलेलं असतं. ही फाईल यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या नागरिकत्व व स्थलांतर खात्याकडे असते. आपल्या माहिती अधिकारासारखा तिथे एफओआयए आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो. वहिनींचं आत्ताचं नाव, दत्तकानंतरचं नाव आणि रशियन नाव, तिन्ही लिहा. ए-नंबर (स्थलांतर खात्याने दिलेला नोंदणी क्रमांक) माहीत असेल तर तोही द्या. एकाच नावावर शोध झाला की 'नोंद सापडली नाही' असं उत्तर येतं आणि लोक तिथेच थांबतात. मूळ कागद परत हवे असतील तर जी-884 हा वेगळा फॉर्म आहे.

वैद्यकीय उतारा नीट वाचा. आईचं वय, हे तिचं कितवं गरोदरपण, बाळाचं जन्मवजन हे बहुधा त्यात असतं. 'तिसरं गरोदरपण' असं दिसलं तर मोठी भावंडं असण्याची शक्यता आहे. 'पेरिनॅटल एन्सेफलोपॅथी' (जन्माच्या आसपास मेंदूला इजा) वाचून मात्र घाबरू नका. त्या काळी तिथल्या बालगृहांतल्या असंख्य मुलांच्या कागदांवर हे निदान सर्रास लिहिलं जाई.

कलम_139:
दादांना थोडं थांबायला सांगा, कारण महत्त्वाचं आहे. रशियाच्या कौटुंबिक संहितेचं कलम 139 दत्तकाची गुप्तता राखतं. तिथलं नोंदणी कार्यालय (झाग्स) दत्तक आई-वडिलांच्या संमतीशिवाय मूळ नोंद देत नाही, अर्जदार स्वतः दत्तक मूल असलं आणि सज्ञान असलं तरीही. शिवाय फौजदारी संहितेच्या कलम 155 नुसार दत्तक पालकांच्या इच्छेविरुद्ध, पैशाच्या लोभाने ही गुप्तता फोडणं गुन्हा आहे. म्हणजे संमतिपत्र नसताना पैसे देऊन माणूस लावला तर गोत्यात येईल तो तिथला माणूस.

म्हणून सगळ्यात आधी वहिनींनी आई-बाबांशी बोलावं. हे टाळून पुढे जाता येत नाही, आणि माझ्या मते जाऊही नये. संमतिपत्र दोघांचं हवं: नोटरीसमोर सही, मग ओहायोच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा दाखला), मग रशियन भाषांतर आणि त्याचंही नोटरीकरण. अपोस्टिलच्या आधी भाषांतर केलं तर अपोस्टिलचा मजकूर भाषांतराविना राहतो आणि अर्ज परत येतो. दोघं हयात आहेत तोवरच दोन-तीन मूळ प्रती करून ठेवा.

आणखी दोन गोष्टी. कलम 135 नुसार पालकांच्या विनंतीवरून जन्मस्थळ बदलता येतं. जन्मतारीखही तीन महिन्यांपर्यंत बदलता येते, पण तेव्हाच्या नियमाने मूल वर्षाच्या आतलं असेल तरच. त्यामुळे वहिनींची तारीख खरी धरायला हरकत नाही, दाखल्यावरचं गाव मात्र निकालाशी ताडून बघा. आणि 1998 चा निकाल पेर्म प्रांतिक न्यायालयाचा असेल तर एक लक्षात ठेवा. 2005 च्या डिसेंबरात पेर्म प्रांत आणि कोमी-पेर्म्याक स्वायत्त जिल्हा मिळून पेर्म क्राय (नवा प्रांत) झाला, म्हणून प्रत मागताना पत्र पेर्म क्राय न्यायालयाच्या नावे लिहा.

स्वतः जायचा बेत करू नका. रशियन नागरिकत्व रीतसर सोडलेलं नसेल तर रशिया त्यांना आपलीच नागरिक मानतो. मग अमेरिकी पासपोर्टवर व्हिसा नाकारला जाऊ शकतो, आणि तिथे अडचण आली तर अमेरिकी वकिलातीला फारसं काही करता येत नाही.

गुणसूत्र:
60 सेंटीमॉर्गनवर घर बांधू नका. तिसऱ्या पिढीतल्या चुलत-मावस भावंडांची (ज्यांचे खापरपणजोबा एक) सरासरी साधारण 73 आहे, सख्ख्या चुलत-मावस भावंडांची 850 च्या आसपास, आणि अर्ध्या सख्ख्या भावंडांची 1,750 च्या जवळ. रशियात राहणाऱ्यांनी अ‍ॅन्सेस्ट्रीवर चाचणी क्वचितच केलेली असते. जुळतात ते बहुतेक इस्रायल, जर्मनी, अमेरिकेत गेलेल्यांचे नातेवाईक. चाचणीच्या निकालात अश्केनाझी ज्यू वंश दिसत असेल तर आकडे आणखी फसवे, कारण त्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्नं झाल्याने दूरचं नातंही जवळचं दिसतं. कच्चा डेटा उतरवून जीईडीमॅचवर (वेगवेगळ्या कंपन्यांचे डीएनए निकाल ताडणारी साइट) चढवा आणि विसरून जा. मुख्य उपयोग शेवटी: कोणी सापडलं तर नातं पक्कं करायला.

मेधा_न्यूजर्सी:
सगळ्यांचे आभार. वहिनी आई-बाबांशी बोलली. निकालाची प्रत त्यांनीच जपून ठेवली होती आणि संमती द्यायलाही दोघं तयार आहेत. निकालात जन्मदात्या आईचं पूर्ण नाव आहे, बाळंतपणावेळचं वय 22. वडिलांच्या नावापुढे 'आईच्या सांगण्यावरून' असं लिहिलंय. वडिलांना या नावाने शोधता येईल?

जुनं_दप्तर:
नाही. अविवाहित आईच्या बाबतीत वडिलांच्या रकान्यात आडनाव आईचंच घालतात, आणि नाव व पितृनाम (वडिलांच्या नावावरून पडणारं मधलं नाव) आई सांगेल ते. तो माणूस खरा असेलच असं नाही. मुलीचं पितृनामही त्याच नावावरून पडतं, तेव्हा तोही पुरावा नव्हे. आईवरच लक्ष द्या.

तिचं नाव निकालात बहुधा विभक्ती लागून आलं असेल. 'स्मिर्नोवोय येलेनी विक्तोरोव्नी' असं दिसलं तर शोधताना 'स्मिर्नोवा येलेना विक्तोरोव्ना' घाला. लग्नानंतर आडनाव बदललेलं असू शकतं, पण त्या वयाच्या बायका अद्नाक्लास्निकीवर (शाळासोबत्यांची रशियन साइट) माहेरचं आडनाव कंसात देतात. 1996 मध्ये 22 म्हणजे शाळा 1991 च्या आसपास संपली. बेरेझ्निकीच्या शाळांच्या गटांत 1990 ते 1992 च्या तुकड्या बघा. व्हीकेवर (रशियन समाजमाध्यम) तिच्या भावंडांचा शोध घ्या, पितृनाम त्याच वडिलांच्या नावावरून पडलेलं असणार.

पहिल्या निरोपात 'मुलगी', 'दत्तक', 'बालगृह' यातलं काहीही नको. नवऱ्याला, मुलांना तिने कधी सांगितलेलं नसेल आणि फोन कुणाच्याही हातात असू शकतो. '1996 साली बेरेझ्निकीत असलेल्या येलेना विक्तोरोव्ना आपणच का?' एवढंच, वहिनींच्या नावाने, त्यांच्या आत्ताच्या फोटोसह. शोधक लावलात तर शेजाऱ्यांकडे चौकशी करायची नाही, ही अट लेखी घ्या. उत्तर आलं नाही तर काही महिन्यांनी एकदाच पुन्हा लिहा.