बाईकच्या स्पार्क प्लगला चर पाडला, आता गाडी मिस मारतेय, अर्जंट मदत हवी आहे

शिळफाटाकर: मंडळी अर्जंट आहे. व्हिडिओ बघून प्लगच्या वरच्या वाकड्या पट्टीला कानशीने चर पाडला, त्यात सांगत होता की स्पार्क मोठा पडतो पिकअप वाढतो वगैरे. पहिले दोन दिवस खरंच मस्त वाटली, काल ऐरोलीच्या पुलावर साठच्या पुढे गेलो की झटके देत मिस मारायला लागली आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फट् फट्. शनिवारी गणपतीला गावी निघायचंय, रेल्वेचं तिकीट नाही. चर अजून खोल करू का?

पाना_१०: गाडी कुठली? कार्ब (कार्ब्युरेटर) की एफआय (फ्युएल इंजेक्शन)? पट्टी आणि मधल्या टोकातला गॅप किती ठेवलास?

शिळफाटाकर: गाडी चांगली आहे हो, १५० सीसी. प्रश्न प्लगचा आहे. गॅप अंदाजाने.

इरिडियमप्रेमी: कानस बिनस सोड, सरळ इरिडियमचा प्लग टाक. मधली तार बारीक असते, कमी व्होल्टेजला ठिणगी पडते, टिकतोही जास्त. माझ्या गाडीला टाकल्यापासून लोणी.

काजळी: लोणी तुझ्या मनात. स्टॉक इंजिनला इरिडियमने ताकद वाढत नाही, टिकतो एवढं खरं. त्यालाही कानस लावशील तर पैसे पाण्यात.

जुना_राजदूत: आम्ही हे सगळं कधीच केलंय. पट्टी अर्धी कापायची, मधलं टोक वरून दिसलं पाहिजे. हॅकसॉ ब्लेड जेमतेम सरकेल एवढा गॅप. एक प्लग कायम खिशात असायचा.

काजळी: काका, तुमची राजदूत टू-स्ट्रोक, पेट्रोलसोबत तेल जाळायची, प्लग काळा पडायचा, म्हणून प्लग खिशात. इथे तो संबंध नाही.

जुना_राजदूत: ठिणगी ठिणगीच असते. तुम्ही जन्मायच्या आधी मी कुर्ल्याला सीएसटी रोडवर पार्ट हुडकत फिरायचो.

घाटावरचा: थंड प्लग टाक, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा, घाटात गाडी तापते. प्लगवरचा नंबर एकने कमी घे.

काजळी: उलटं सांगू नका हो! एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये नंबर वाढला की प्लग थंड, बॉशच्या प्लगमध्ये वाढला की गरम. आणि त्याने विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय.

पेट्रोल_पंचनामा: सगळा ई-२० चा, त्या वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलचा दोष आहे.

पाना_१०: ई-२० ने अ‍ॅव्हरेज थोडं पडेल, कालपासून अचानक मिस नाही मारणार. शिळफाटाकर, दोन दिवस मस्त वाटली कारण कानस मारल्यावर कडा धारदार झाल्या, ठिणगी धारेवरून सहज उडते. नव्या प्लगला ती धार असतेच. पण आतून घासलंस म्हणजे गॅप वाढला, आणि जोर दिला की सिलिंडरमध्ये प्रेशर वाढतं, तिथे मोठा गॅप ओलांडायला ठिणगी कमी पडते. चर अजिबात खोल करू नकोस, पट्टी आधीच पातळ झालीय, तुटून पिस्टनवर पडली तर गणपती गॅरेजमध्येच. आता तरी मॉडेल सांग रे बाबा.

शिळफाटाकर: पल्सर आहे, २०१२ ची, मावसभावाकडून घेतली. कार्ब.

पाना_१०: डीटीएस-आय. दोन्ही प्लग बघितलेस का?

शिळफाटाकर: दोन्ही म्हणजे?

काजळी: 😂😂 टाकीवरचा स्टिकर वाच. डिजिटल ट्विन स्पार्क. २००३ पासून लिहून ठेवलंय त्यांनी.

पाना_१०: हसू नका रे. इंजिनच्या दुसऱ्या बाजूला बघ, तसाच एक प्लग असेल. आधी गाडी थंड होऊ दे, हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, गरम असताना जोर लावलास तर आटे जातील.

स्कूटीवाली: माझी स्कूटर सकाळी चोक ओढल्याशिवाय चालू होत नाही, पावसाचं असेल का?

शिळफाटाकर: आत्ता सोसायटीत टॉर्च मारून बघितलं. दुसऱ्या प्लगची वायरवाली कॅप नुसतीच लटकत होती!! मीच परवा गाडी धुताना ओढली असणार. दाबली, टक् आवाज आला. रबाळ्यापर्यंत मारून आलो, पंचाहत्तरला पण मिस नाही. फट् फट् पण बंद. एवढे दिवस तो कापलेला बिचारा एकटा ओढत होता.

पाना_१०: उद्या दोन्ही नवीन, तांब्याचे साधे, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच नंबरचे. गॅप फीलर गेजने, म्हणजे मोजायच्या पातळ पट्ट्यांनी बघून घे, नखाने नको.

इरिडियमप्रेमी: दोन्ही इरिडियम टाकले तर?

शिळफाटाकर: नको. थँक्यू सगळ्यांना.

जुना_राजदूत: तो कापलेला फेकू नकोस, मला दे.