शब्दचर्चा: शापित, पडक्या बागमहालाला नेमकं काय म्हणावं?

सूत्रधार
डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या धर्तीवर घरच्या गटासाठी एक साहस मराठीत लिहितो आहे. हा बैठा खेळ. मी प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करणार ते सांगतात, आणि जमलं की फसलं हे फाशावर ठरतं. ठिकाण आहे एका सुलतानाचा बागेतला महाल. वस्ती उठलेली, झाडं वाढलेली, वर शाप. मी कच्चं नाव 'शापित भग्न उद्यानप्रासाद' असं दिलं, तर गटातली मैत्रीण म्हणाली, "आत शिरायला संस्कृतची परीक्षा द्यावी लागेल का?" या चारही शब्दांना बोलीत बसणारे पर्याय सुचवा. आतल्या जागांचे शब्दही हवे आहेत.

नगरकर
'उद्यान' आधी काढा. उद्यान म्हटलं की महानगरपालिकेची पाटी दिसते, 'फुले तोडू नयेत'. सुलतानाची ती बाग, आणि बागेतला तो महाल. दोन्ही शब्द फारसी वाटेने आलेले, त्यामुळे 'बागमहाल' हा जोड खटकत नाही. महाल म्हणजे महसुलाचा विभाग असाही अर्थ जुन्या कागदांत आहे. एखाद्या पात्राला 'बागमहालाची सनद' सापडली आणि ती इमारतीची की मुलखाची यावर गटात भांडण लागलं तर मजा येईल.

नमुना पाहायचा असेल तर आमच्याकडे या. अहिल्यानगरजवळची (पूर्वीचं अहमदनगर) फराहबाग म्हणजे चौरस तळ्याच्या मधोमध उभा असलेला अष्टकोनी निजामशाही महाल. काम १५८३ मध्ये पुरं झालं. पहिली इमारत पसंत पडली नाही म्हणून ती पाडून नव्याने बांधली, असं सांगतात. पहिला मुर्तझा निजामशाह इथे येऊन बुद्धिबळ खेळत बसायचा. लोक त्याला 'दिवाणा' म्हणत. १५८८ मध्ये त्याच्या मुलानेच, मीरान हुसेनने, त्याला हमामखान्यात कोंडलं आणि जाळ वाढवून मारलं. तेव्हा नगरच्या दरबारात असलेल्या फरिश्ता या इतिहासकाराने हे लिहून ठेवलं आहे. ही हत्या फराहबागेतली नव्हे. पण तुमच्या कल्पित महालात हमामखाना आणि बुद्धिबळाचा पट एकाच छताखाली आणायला तुम्हाला कोण अडवणार?

एक विनंती. नाव कल्पितच ठेवा. खऱ्या वास्तूला 'शापित' हे विशेषण चिकटलं की पुढची वीस वर्षं तिथे रात्री मोबाईल घेऊन पोरं येतात.

शब्दवेल्हाळ
'शापित' ठेवायला हरकत नाही, फक्त शाप म्हणजे काय ते आधी ठरवा. इंग्रजी खेळात 'कर्स' या एका शब्दात सगळं भरतात. आपल्याकडे प्रत्येकाचं क्रियापदसुद्धा वेगळं आहे. शाप *देतात* आणि तो *भोवतो*. तळतळाट कोणी देत नाही, तो *लागतो*. करणी *करतात* आणि *उतरवतात*. बाधा *होते*.

खेळाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. शापाला बोलणारं तोंड लागतं, कारण लागतं आणि बहुतेक वेळा उःशापही त्याच तोंडून येतो. नलकूबर आणि मणिग्रीव नारदाच्या शापाने अर्जुनवृक्ष झाले, पण सुटका कधी होणार हे तेव्हाच ठरलं होतं. पुढे बाळकृष्ण उखळ ओढत त्यांच्यामधून गेला आणि झाडं उन्मळली. कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीय' नाटकात तर तुमचं अख्खं साहसच आहे. कुमारवनात स्त्रियांना मज्जाव आहे, रागाच्या भरात उर्वशी आत शिरते आणि तिची वेल होते. संगमनीय मणी मिळाल्यावरच पुरूरव्याला ती परत मिळते. निषिद्ध बाग, रूपांतर, शोधायची वस्तू, सगळं तयार आहे. म्हणून शाप म्हणालात तर उःशाप महालातच कुठेतरी ठेवावा लागेल, नाहीतर मराठी खेळाडूला फसवल्यासारखं वाटेल.

तळतळाटाला असा तोडगा नसतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं देणं फेडायचं, एवढंच. महाल बांधणाऱ्या गवंड्यांची मजुरी बुडवली असेल, माळ्याची जमीन लाटली असेल, तर ती बाग शापित म्हणू नका. तिला तळतळाट लागलेला आहे, आणि तिथे तलवारीचा काही उपयोग नाही. मला विचाराल तर हा दुसरा प्रकार खेळायला जास्त चांगला.

'झपाटलेला महाल' मात्र वेगळा. तिथे कोणीतरी राहतं.

मळेवाला
'भग्न' बद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. भग्न मूर्ती असते, भग्न हृदय असतं. वाडा, विहीर, भिंत *पडकी* असते. ओसाड आणि उजाड यांतही घोटाळा करू नका. माणसं नाहीत ते ओसाड. जिथे काही उगवतसुद्धा नाही ते उजाड. तुमच्या बागेत झाडं वाढली आहेत, म्हणजे ती ओसाड आहे, उजाड नाही. आणि झाडं नुसती 'वाढली' नको, *माजली* म्हणा. रान माजतं, माणूसही माजतो. झाडांच्या मनात काही आहे असं सुचवायचं असेल तर दुसरं काही सांगावंच लागणार नाही.

बागेतल्या पाण्याचे शब्द घ्या. विहिरीवर मोट, मोटेचं पाणी जिथे पडतं ते थारोळं, तिथून पाट, पाटातून दंड, दंडातून झाडाच्या आळ्यात. थारोळं हा शब्द आता फक्त बातमीत उरला आहे, 'रक्ताच्या थारोळ्यात'. तुमच्या बागेत ते शब्दशः असू द्या. मोट ओढायला कोणी नाही तरी चालू आहे, थारोळं लाल आहे आणि पाट फुटून तीच ओल आळ्याआळ्यात जाते आहे. कुठला पाट कुठे वळवायचा आणि कुठला दारं धरून, म्हणजे पाण्याची वाट उघडून-बुजवून, तोडायचा, हेच कोडं. आमच्याकडची दहा वर्षांची मुलं ते सोडवतील, शहरातल्या मोठ्यांचं सांगता येत नाही.

नगरकर
मळेवाल्यांना जोड. पाणी लांबून आणायचं असेल तर जमिनीखालून खापरी नळ. निजामशाही नगरला पाणी असंच यायचं. वाटेत हवा जायला उभे मनोरे ठेवतात त्यांना उसासे म्हणतात, पुण्याच्या कात्रजच्या नळाला उच्छ्वास. माजलेल्या बागेत रात्री उसासा ऐकू येतो, हे वाक्य घ्या. ते खरंही आहे आणि भयानकही.

तळघरातला
'डन्जन'ला, म्हणजे खेळातल्या जमिनीखालच्या धोक्याच्या जागेला, काय म्हणणार? अंधारकोठडी म्हटलं की फक्त कैदी आठवतो. तळघर ठीक आहे. पण बळद आणि पेव विसरू नका. बळद म्हणजे घरातली धान्य साठवायची बंदिस्त, लपलेली जागा. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार. 'पेव फुटणं' तिथलंच. बंद पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही, साठलेल्या वायूने माणूस गुदमरतो. सापळा म्हणून इंग्रजी पुस्तकातली विषारी बाणांची भिंत उचलण्यापेक्षा हे बरं. 'थांबतो' म्हणणारा वाचेल, खजिना म्हणून उडी टाकणारा फासा टाकेल.

प्रवेशाला दिंडी दरवाजा ठेवा, मोठ्या दारातलं छोटं दार. एका वेळी एकच, तेही वाकून. पलीकडच्या देवडीत कोण बसलं आहे ते आधी डोकं आत गेल्याशिवाय कळत नाही.

सूत्रधार
सगळ्यांचे आभार. नाव आता 'ओसाड बागमहाल' एवढंच. 'शापित' नावातून काढलं, कारण शब्दवेल्हाळांनी सांगितलेला तळतळाट घेतो आहे, आणि तो कोणाचा हे खेळाडूंनीच शोधायचं आहे. गावकरी मात्र त्याला शापित म्हणतील आणि चुकीचा उःशाप शोधायला लावतील.

शेवटचा प्रश्न. 'हिट पॉइंट'ला, म्हणजे पात्रात किती जीव उरला ते सांगणाऱ्या आकड्याला, काय म्हणू? 'प्राणांक' फार शाळकरी वाटतं.

मळेवाला
हिट पॉइंटच म्हणा, पोरांना सवय आहे. शून्यावर आल्यावर मात्र 'धुगधुगी' म्हणा. "तुझ्यात दोन फेऱ्यांची धुगधुगी आहे" ऐकल्यावर कोणीतरी धावत येतंच.

शब्दवेल्हाळ
धुगधुगीला अनुमोदन. 'लेव्हल'चा धागा वेगळा काढा, इथे मारामारी होईल.