१६ पैकी ९ रंग बदलतच नाहीत (टर्बो सी, ६४०×४८०)

खटपट्या:
व्हीजीए कार्डाचा मोड १२एच (१६ रंगांचा; एच म्हणजे आकडा हेक्समध्ये). पडदा हळूहळू काळा करायचाय. ३सी८ पोर्टवर रंगाचा क्रमांक, मग ३सी९ वर लाल, हिरवा, निळा. ० ते १५ चं साधं लूप. ० ते ५ आणि ७ शहाण्यासारखे अंधारात जातात. ६, म्हणजे तो तपकिरी, आणि ८ ते १५ मात्र ढिम्म! शेवटी काळ्यावर पिवळी-पांढरी अक्षरं भुतासारखी तरंगत राहतात. हेच लूप १३एचमध्ये (२५६ रंगांचा मोड) बिनतक्रार चालतं. तीन रात्री गेल्या, आता डॉसबॉक्सवरच (ज्यात हे चालवतोय तो डॉसचा एम्युलेटर) संशय यायला लागलाय.

चौकोन:
२५५ पर्यंतचे आकडे तर पाठवत नाहीस ना? डॅक (रंगांचे आकडे मॉनिटरच्या सिग्नलात बदलणारा भाग) ६ बिटांचा आहे. ६४ पाठवलेस की शून्य.

खटपट्या:
नाही हो, ६३ च्या वर जातच नाही. आणि तसं असतं तर रंग भलतेच दिसले असते. हे जागचे हलत नाहीत.

जुनाखोका:
डॉसबॉक्सला उगाच बोल लावू नकोस. तुझा रंग ६ म्हणजे डॅकमधला ६ नव्हे! १६ रंगांच्या मोडमध्ये मधे अॅट्रिब्यूट कंट्रोलर बसलाय, कुठला रंग डॅकच्या कुठल्या खान्यातून घ्यायचा ते तो ठरवतो. ईजीएच्या (व्हीजीएआधीचं कार्ड) रंगांशी मेळ राहावा म्हणून बायॉस त्यात ६ साठी २० आणि ८ ते १५ साठी ५६ ते ६३ भरून ठेवतो. तू इमानेइतबारे जे खाने बदलतोयस, ते पडद्यावर कुणी वाचतच नाही. १३एचमध्ये ही नेमणूक सरळ असते, म्हणून तिथे चालतं.

१६ आकड्यांचा अॅरे कर: ०, १, २, ३, ४, ५, २०, ७, मग ५६ ते ६३. ३सी८ वर लूपचा आय नाही, अॅरेतला आयवा आकडा पाठव. ३सी० ला (अॅट्रिब्यूट कंट्रोलरचा पोर्ट) हात लावून नेमणूकच बदलायच्या फंदात पडू नकोस. मी पडलो होतो. पडदा चालू ठेवणारा २०एचचा बिट परत लावायचा विसरलो, पडदा काळाठिक्कर, आणि मी मॉनिटर गेला म्हणून केबल उपसत बसलो.

खटपट्या:
चाललं! तपकिरी एकदाचा विझला. पण आता सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतंय.

जुनाखोका:
३डीए पोर्ट वाच. त्याचा बिट ३ रिट्रेस दाखवतो, म्हणजे एक चित्र संपून किरण परत वर जातो ती वेळ. बिट ३ आधी उतरू दे, मग चढू दे, तेव्हा एक पायरी. नुसतं चढण्याची वाट पाहिलीस तर एकाच रिट्रेसमध्ये चार पायऱ्या उरकतील. या मोडला सेकंदाला साधारण ६० रिट्रेस, म्हणजे ६३ पायऱ्यांना सेकंदभर. १३एचला ७० असतात, तिथे जरा लवकर आटपेल.