मदत हवी आहे : जांबोटी-चोर्ला रस्त्यासाठी हेडलाइटचा कुठला बल्ब घालावा?

नमस्कार मंडळी. जुनी वॅगनआर आहे, एच४ बल्ब (एकाच बल्बात हाय आणि लो दोन्ही बीम), हाय ६० / लो ५५ वॅट, साधा रिफ्लेक्टर. बेळगाव शहरात काही अडचण नाही, पण रात्री जांबोटी सोडून कणकुंबीकडं लागलं की पुढचं वळण दिसतच नाही. त्यात पाऊस आणि धुकं असलं तर बघायलाच नको.

दुकानदार म्हणतोय एलईडी घाला, पांढरा लख्ख उजेड पडतो. मला पटत नाही. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बसवली की उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि ६००० केल्विनचा पांढरा प्रकाश धुक्यात उलटा आपल्याच अंगावर येतो. दुसरा एकजण १००/९० वॅट सुचवतोय. ते कायद्यात बसत नाही, शिवाय मूळची वायर आणि होल्डर वितळायची भीती!

म्हणून विचार असा की वॅट तेच ठेवून जास्त उजेडाचे चांगल्या कंपनीचे हॅलोजन घालावेत (आयुष्य कमी असतं म्हणे, चालेल) आणि बॅटरीवरून थेट रिले वायरिंग (म्हणजे गाडीचा स्विच फक्त रिले चालू करतो, बल्बला करंट जाड वायरनं थेट बॅटरीवरून मिळतो) करून घ्यावं. बल्बपर्यंत व्होल्टेज थोडं जरी कमी पोचलं तरी उजेड बराच कमी होतो. काचाही पिवळ्या पडल्यात, त्या आधी पॉलिश करू का?

या रस्त्यावर रात्रीचं नेहमी जाणाऱ्यांनी सांगा की, रिलेनं खरंच फरक पडतो काय? बेळगाव-खानापूर भागात हे काम नीट करणारा, बीमची उंचीही भिंतीवर बघून लावून देणारा इलेक्ट्रिशियन कुठल्या बाजूला मिळेल?